अळणी भाकर

"हात धुतलेस?"

"धुतले."

"कोपरापर्यंत?"

मी परत न्हाणीत गेले आणि कोपरापर्यंत हात धुऊन आले.

आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणत. त्यांचा उजवा हात बांबूच्या कांबी बांधून गळ्यात अडकवलेला होता. बुधवारी न्हाणीत घसरून मनगट मोडलं होतं. मांडीवर माझा पाच महिन्यांचा मुलगा होता आणि डाव्या हातानं त्या त्याला थोपटत होत्या.

"आता ऐक. गव्हाचं पीठ अन् पाणी. तिसरं काही नाही. तेल नाही, मीठ नाही. ही आपल्या जेवणातली पोळी नव्हं. प्रभुभोजनाची भाकर आहे."

"माहीत आहे मला."

"माहीत असंल. बावीस वर्षं मी केलीय, तवा ऐकून घे."

प्रवरेच्या काठावरच्या आमच्या गावात ख्रिस्ती लोकांची साठेक घरं होती आणि एक दगडी देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट घ्यायचा. आदल्या दिवशी दुपारी आत्याबाई मनुका उकळून त्यांचा रस गाळायच्या आणि जाड अशा चार पोळ्या भाजायच्या. गव्हाच्या असल्या तरी देवळात त्यांना भाकर म्हणत. रविवारी सकाळी तिचे नखाएवढे तुकडे करून, पांढऱ्या कापडाखाली झाकून ताट जायचं. आत्याबाईंचा हात मोडल्याचं कळल्यावर पाळकीणबाईंनी, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंच्या बायकोनं, सांगून पाठवलं होतं, "या महिन्याला भाकर मी करते." आत्याबाईंनी निरोप परत धाडला, "घरात सून आहे."

सून होती, एवढंच. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

चार महिन्यांपूर्वी आमची निमा घटसर्पानं गेली. साडेतीन वर्षांची होती. सोमवारी घसा दुखतो म्हणाली आणि गुरुवारी आम्ही तिला देवळामागच्या कबरस्तानात ठेवून आलो. बाळ तेव्हा महिन्याचं होतं. त्याच आठवड्यात माझं दूध आटलं. त्यानंतर त्याला शेळीच्या दुधावर ठेवलं होतं. मी बोंडल्यानं दूध पाजायची, लंगोट बदलायची, झोळीत घालून झोका द्यायची. सगळं वेळेवर करायची. फक्त तो माझा आहे असं मला वाटत नसे. कुणीतरी सांभाळायला दिलेलं मूल असावं तसं वाटे.

माणसं यायची. देवानं दिलं, देवानं नेलं, म्हणायची. मी मान हलवायची. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, मी आमेन म्हणाले. मला देवाचा राग आला होता असंही नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आलं असतं. देवळात जायची, पण प्रभुभोजनाचं ताट पुढे आलं की तुकडा न घेता शेजारणीकडे सरकवायची. चार महिने सरकवलं. कुणी विचारलं नाही.

घरातही कुणी काही विचारत नसे. माझे यजमान मिशनच्या शाळेत शिक्षक होते. सगळा गाव त्यांना दानियल गुरुजी म्हणे. ते जेवायला बसले की ताटाशेजारी एक बशी घेऊन बसत. बशीत मीठ असे. मला ते दिसायचं. दिसून पुढे काही व्हायचं नाही.

आणि मीच एके दिवशी म्हणाले होते, "बाळ वन्संना द्या."

वन्सं म्हणजे माझी नणंद, करुणा. सोलापूरला असायच्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझं बोलणं ऐकून हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." सोलापूरला पत्र गेलं. उलटटपाली उत्तर आलं. रविवारी दुपारी दोनच्या गाडीनं वन्सं येणार होत्या, दोन दिवस राहणार होत्या आणि बाळाला कायमचं घेऊन जाणार होत्या.

म्हणजे उद्याच.

बाळाचे कपडे मी सकाळीच धुऊन, घड्या घालून पिशवीत भरले होते. नंतर परात घेतली, पीठ घेतलं आणि मळायला बसले.

"घट्ट मळ," आत्याबाई म्हणाल्या. "सैल झाली तर तुकडे पडत नाहीत नीट."

मी घट्ट मळली. लाटली, तव्यावर टाकली. बाळ रडायला लागलं. आत्याबाईंनी त्याला खांद्यावर घेतलं आणि काहीतरी गुणगुणायला लागल्या. मला त्या दुपारचं एवढंच आठवतं: तव्याचा वास, आणि मोडक्या हाताच्या झोळीला पकडून बसलेली बाळाची मूठ.

चार भाकरी झाल्या. आत्याबाईंची एक रीत होती. फडक्यात गुंडाळण्याआधी त्या एका भाकरीची कड मोडून तोंडात टाकत. भाकर आतून भाजली की नाही ते बघायला. त्या दिवशीही डाव्या हातानं त्यांनी कड मोडली. चावली. बराच वेळ चावत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"कच्ची आहे का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "झाली. गुंडाळ."

*

देवळात पुरुष डावीकडे बसत, बायका उजवीकडे, सतरंज्यांवर. मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसले. आत्याबाई शेजारी, बाळ त्यांच्या मांडीवर. त्यांनी त्या दिवशी ते माझ्याकडे दिलं नाही आणि मी मागितलंही नाही.

बायकांच्या बाजूला ताट फिरवायचं काम शांतवनकाकांचं. मंडळीच्या पंचांपैकी ते एक. जन्मभर पोस्टमनची नोकरी केली, आता शेळ्या पाळायचे. जीभ तिखट. उपदेश लांबला तर सगळ्यांना ऐकू जाईल अशी जांभई द्यायचे. पण ताट हातात आलं की मात्र पाय न वाजवता चालायचे.

पहिल्या रांगेत पाळकीणबाईंनी तुकडा घेतला. त्यांचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. मग पुन्हा हलला. त्यांच्या शेजारी मार्थाबाई. त्यांचाही थांबला. त्यांनी डोळे उघडले, ताटाकडे बघितलं आणि परत मिटले. दुसऱ्या रांगेतही तसंच झालं. एकेकीचं तोंड चालायचं, मध्येच अडायचं आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू व्हायचं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. न बघण्याचा सगळ्यांचा प्रयत्न मात्र मला मागून दिसत होता.

माझ्या मनात आलं, कच्ची राहिली. आतून पिठूळ राहिली असणार.

शांतवनकाका आमच्या रांगेत आले. ताट माझ्यापुढे धरलं आणि सवयीनं शेजारी वळवायला लागले.

मी हात पुढे केला. ते थांबले.

भक्ती वगैरे काही नव्हतं त्यात. खोटं कशाला सांगू? केलेला पदार्थ बिघडला की बाई आधी चाखून बघते, तसा मी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

मीठ.

कमी नाही, जास्त नाही, रोजच्या पोळीच्या कणकेत घालतात तेवढं. मी कधी घातलं ते मला तेव्हाही आठवलं नाही, अजूनही आठवत नाही. हात सवयीनं गेला असेल. पण तोंडाला पाणी सुटलं. गालांच्या आतून, जिभेखालून, दुखावं इतकं. चार महिने मी काय खात होते त्याची कसलीच चव मला सांगता आली नसती. नखाएवढा तुकडा, पण तो मला पुरता कळला. घशाखाली उतरला तेव्हा लक्षात आलं की मी प्रभुभोजन घेतलंय.

मागून रसाचे पेले आले. मिठावर तो मनुकांचा रस इतका गोड लागला की मी पेला परत ठेवायचा विसरले. शांतवनकाकांनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. जबडा जराही न अडता चालत होता.

*

उपासना संपल्यावर मला बाहेर जायचं नव्हतं. बावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते मी केलं होतं. पण दारात पाळकसाहेब उभे, त्यांच्याशी हात मिळवल्याशिवाय सुटका नव्हती.

"सलाम, पाळकसाहेब," मी खाली बघून म्हटलं. "माझ्या हातून भाकरीत..."

"सलाम. तुमच्या आत्याबाईंचा हात बरा व्हायला दोन महिने तरी लागतील, नाही?"

"हो."

"मग पुढच्या महिन्यालाही तुम्हीच करा, रिबकाबाई."

एवढं बोलून ते पुढच्या माणसाकडे वळले.

बाहेर चिंचेखाली शांतवनकाका उभे होते. मला वाटलं, हे काही सोडत नाहीत आता.

"काय गं रिबका, भाकर तू केलीस?"

"मी केली, काका. चुकलं माझं."

"मी विचारतोय काय, तू सांगतेस काय!" ते म्हणाले. "पंचवीस वर्षं देवाची अळणी भाकर खातोय. देवाचं बरं असतं बघ. खाऊ घालतो, पण मीठ खाऊ घालत नाही, म्हणजे माणूस बांधला जात नाही. तू मात्र आज सगळ्या मंडळीला तुझं मीठ चारलंस. आता खाल्ल्या मिठाला जागावं लागणार की नाही आम्हांला?"

"काका, थट्टा नका करू."

"थट्टा कोण करतंय?" ते म्हणाले. त्यांनी आत्याबाईंच्या खांद्यावरच्या बाळाकडे बघितलं. "सोलापूरला न्यायचं म्हणता याला?"

"दोनच्या गाडीला वन्सं येतायत."

"बरं," ते म्हणाले आणि काठी घेऊन शेळ्यांकडे गेले.

*

घरी येऊन मी पानं वाढली. सकाळी देवळात जाण्याआधीच आमटी-भात करून ठेवला होता. मला भूक लागली होती. पानं वाढताना माझा हात घाईनं चालतोय हे मलाच जाणवलं. मी पहिला घास घेतला आणि थांबले.

"ही आमटी अळणी आहे."

यांची मिठाची बशी नेहमीच्या जागी होती.

"मीठच नाहीये हिच्यात."

"नाही," हे म्हणाले.

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगायचं?"

"मीठ नाही म्हणून!"

यांनी बशीत बोट बुडवलं आणि ते तसंच ठेवलं. "कालच्या भाजीत पण नव्हतं," ते म्हणाले.

"परवाच्या?"

"परवाच्या पण."

"कधीपासून?"

हे आत्याबाईंकडे बघायला लागले. आत्याबाई डाव्या हातानं भात कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निमी गेल्यापासून."

चार महिन्यांत त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मी उठले. आमटीचं पातेलं परत चुलीवर चढवलं, मिठाचा डबा काढला, मीठ घातलं आणि तिथेच पाठ करून बसले. किती वेळ ते माहीत नाही. आमटी खाली लागल्याचा वास आला तेव्हा यांनी येऊन पातेलं उतरवलं. पदराचं टोक माझ्या हातातच होतं, ते ओलं झालं होतं.

*

वन्सं पावणेतीनला आल्या. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात दुधाच्या पावडरचा डबा. पाय धुण्याआधी त्यांनी बाळ घेतलं.

"अगं बाई, केवढा झाला! येतोस ना आत्याकडे? येतोस?" ट्रंक उघडून त्यांनी पिवळा स्वेटर काढला. "थंडीत गाडीत गार लागेल म्हणून विणला. आमच्या चाळीत सगळ्या बायका एकेक टाका घालून गेल्यात. वहिनी, तुमची काळजी मिटली बघा. माझ्या डोळ्यांसमोर राहील तो."

"वन्सं, आधी जेवून घ्या," मी म्हटलं.

त्या बसल्या. मी वाढलं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हे दारात उभे, आत नाही, बाहेर नाही. बाळ सतरंजीवर पडलं होतं, ते रडायला लागलं. रोज रडायचं तसंच. मी उठले, त्याला उचललं, खांद्याला लावलं. त्याचं तोंड माझ्या गळ्याला लागलं आणि तो चाटायला लागला. चुलीपुढच्या घामानं, रडण्यानं माझा गळा खारट झाला असणार. तो चाटतच राहिला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला त्याचं वजन कळलं.

"वन्सं," मी म्हणाले, "हा जायचा नाही."

त्यांचा हात ताटात तसाच राहिला.

"काय?"

"मी देत नाही त्याला. माझं चुकलं. मी तुम्हांला लिहायला नको होतं."

"चुकलं?" वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "वहिनी, मी पाळणा घेतलाय. चाळीत सांगून आलेय सगळ्यांना. आता रिकाम्या हातानं जिना कसा चढू, ते सांगा."

मी बाळाला खांद्यावर आणखी वर घेतलं.

"आई, तू तरी बोल," त्या आत्याबाईंना म्हणाल्या.

"काय बोलू, करुणे?" आत्याबाई म्हणाल्या. "तू माझी अन् ती पण माझीच."

वन्संनी हात धुतला. दोन दिवस राहायला आल्या होत्या, साडेचारच्या गाडीनं परत गेल्या. हे त्यांच्याबरोबर नगरपर्यंत गेले. स्वेटर त्यांनी परत ट्रंकेत ठेवला नाही, दोरीवर टाकून गेल्या. पावडरचा डबाही राहिला. मी बाळ खांद्यावर घेऊन दारात उभी होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, आणि त्यांनी बघावं असं म्हणायचा मला हक्कही नव्हता.

मला त्या दिवशी आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही. निमा परत येणार नव्हती. दुसऱ्या दिवशीही मी भिंतीकडे बघत बसले, त्याच्या पुढच्या दिवशीही. फक्त एक झालं. सोमवारी सकाळी दार वाजलं. बाहेर शांतवनकाका, हातात दुधाचा लोटा.

"ताजं आहे. आत्ताच काढलंय."

"काका, आम्ही घेतो की विकत..."

"मिठाला जागतोय," ते म्हणाले आणि लोटा उंबऱ्यावर ठेवून गेले. पुढची दोन वर्षं रोज. नंतर नंतर बाळच दारात जाऊन उभं राहायचं आणि बोबडं विचारायचं, "मिथ आलं?" दुधाला तो बरेच दिवस मीठच म्हणत असे.

पाळकीणबाईंनी शिवण शिकवायला बोलावलं. मार्थाबाई आठवड्यातून एकदा यायच्या, काही न बोलता तांदूळ निवडत बसायच्या आणि जायच्या. त्या काही मिठाचं बोलल्या नाहीत. पण निमा असताना त्या आमच्याकडे येत नसत, एवढं मला आठवतं.

बाळाच्या बाप्तिस्म्याचं पत्र सोलापूरला पाठवलं. वन्सं आल्या नाहीत. आल्या त्या पुढे पाच वर्षांनी. मात्र बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. कार्डावर एवढंच होतं: नाव धीरज ठेवा. आत्या.

तेच ठेवलं.

*

आत्याबाईंचं मनगट जुळलं, पण हातात पहिला जोर आला नाही. भाकर माझ्याकडेच राहिली. पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. दर महिन्याला त्या उंबऱ्याशी बसायच्या आणि शेवटी कड मोडून बघायच्या.

असाच एक शनिवार होता. धीरज शाळेत जायला लागला होता, म्हणजे मधे बरीच वर्षं गेली होती. मी मळत होते. एकदम माझ्या मनात आलं आणि मी विचारलं.

"आत्याबाई, त्या शनिवारी तुम्ही कड मोडून खाल्ली होती."

"हं."

"तुम्हांला कळलं नव्हतं?"

"न कळायला काय झालं? दात पडलेत, जीभ नाही."

"मग बोलला का नाहीत? पीठ होतं घरात. दुसऱ्या चार भाजून झाल्या असत्या."

आत्याबाईंनी पाय लांब केले. गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या.

"चार महिने अळणी खाल्लं आम्ही," त्या म्हणाल्या. "दानियल म्हणायचा, आई, तिला सांगू का? मी म्हणायचे, नको. सांगून घातलेलं मीठ नको मला. रोज वाटायचं, आज घालंल, उद्या घालंल. तुझा हातच जात नव्हता तिकडं. अन् त्या दिवशी गेला. माझ्या डोळ्यांदेखत डबा उघडलास, चिमटी घेतलीस, पिठात टाकलीस. तुला कळलं पण नाही."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं. बाळ घेऊन मी कशाला बसले होते समोर?"

"पण देवाच्या भाकरीत..."

"त्याचं तो बघून घेईल म्हटलं. एवढं दुःख बघितलंय त्यानं, चिमूटभर मीठ चालंल त्याला. चुकलीस म्हणून मी तुला परत करायला लावलं असतं, तर तो हात पुन्हा डब्याकडे कधी गेला असता, सांग?"

तवा तापला होता. मी चार भाकरी भाजल्या आणि फडक्यावर ठेवल्या. आत्याबाईंनी पुढे वाकून एकीची कड मोडली, तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"अळणी आहे," त्या म्हणाल्या. "गुंडाळ."